दाखला दहावीचा, अडचण दुसरीची

नववीचा निकाल हातात पडला की काही घरांत एकदम धावपळ सुरू होते. कुणीतरी सुचवतं, "अहो, त्याचं एलडीचं सर्टिफिकेट काढून घ्या, दहावीला जादा वेळ मिळतो." (एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता.) मग सरकारी रुग्णालयाची तारीख, शाळेचं पत्र, जुन्या वह्यांच्या झेरॉक्स, डोळ्यांची तपासणी, कानांची तपासणी, बुद्ध्यांकाची चाचणी आणि पुन्हा तारीख. सगळं जुळून आलं तर परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत दाखला मिळतो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकतं. मूल तोवर पंधरा वर्षांचं झालेलं असतं. वाचताना ते पहिल्यांदा अडलं होतं सहाव्या-सातव्या वर्षी.

मधल्या आठ वर्षांचा हिशेब कुणी मागत नाही. आपल्याकडे डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमतेची, तपासणी रुजली ती परीक्षेतली सवलत मिळवण्याची पायरी म्हणून. मुलाला वाचायला कसं शिकवायचं हे ठरवण्यासाठी तपासायचं असतं, ही गोष्ट शाळांच्या अंगवळणी पडलेलीच नाही. म्हणून नववीतल्या मुलाचा बाप तपासणी मागतो तेव्हा त्याला निदान कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगणारा कुणी भेटतो. दुसरीतल्या मुलीची आई तेच मागते, तेव्हा शाळा म्हणते लहान आहे, डॉक्टर म्हणतात थांबा, आणि सासरची मंडळी म्हणतात की तिचे बाबाही उशिराच वाचायला लागले होते. (हे शेवटचं वाक्य खरं तर सर्वात महत्त्वाची माहिती असते. डिस्लेक्सिया घराण्यातून येतो. पण ते दिलासा म्हणून सांगितलं जातं.)

ही रचना अशी का झाली, त्याला कारण आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र देशात पहिला. १९९६ सालीच सरकारने तसा निर्णय घेतला. त्या वेळी अपंग व्यक्तींसाठीचा जो केंद्रीय कायदा होता, १९९५ चा, त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची यादी होती आणि अध्ययन अक्षमता तिच्यात नव्हती. ती आली २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, एकवीस प्रकारांपैकी एक म्हणून. म्हणजे आपल्याकडे सवलत आधी आली आणि हक्क वीस वर्षांनी. १९९६ चा निर्णय चांगलाच होता, त्याने कितीतरी मुलांचं शिक्षण दहावीच्या पुढे गेलं. पण त्याभोवती जी यंत्रणा उभी राहिली तिची सगळी घडण परीक्षेच्या मापाने झाली. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेतून सूट. या सगळ्याला कागद लागतो, म्हणून रुग्णालय कागद देतं, म्हणून पालक कागदासाठी जातात. वाचायला न शिकवता नुसता जादा वेळ देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्यात आणखी थोडा वेळ थांबायची परवानगी देण्यासारखं आहे.

कायदा मात्र वेगळं सांगतो. २०१६ च्या कायद्याचं सोळावं कलम सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांना लागू आहे, त्यात खासगी इंग्रजी शाळाही आल्या. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य शैक्षणिक उपाय करायचे, ही त्या कलमातली स्पष्ट तरतूद आहे. ओळखायचं शाळेने. पालकाने शोधून आणायचं असं त्यात कुठेही नाही. सतराव्या कलमात दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून दिव्यांग मुलं शोधायलाही सांगितलं आहे. एक पळवाट आहे, तीही सांगून टाकतो: सरकार आणि स्थानिक संस्था यासाठी 'प्रयत्न करतील', एवढंच सोळाव्या कलमाचं बंधन आहे. प्रयत्न केला नाही तर काय, याचं उत्तर कुणाला कधी द्यावं लागलेलं नाही.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने याची कार्यपद्धती राजपत्रात छापली. प्रत्येक शाळेत, सरकारी असो की खासगी, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली एक छाननी समिती असावी. शिक्षकांनी तिसरीत किंवा मूल आठ वर्षांचं झाल्यावर, यातलं जे आधी येईल तेव्हा, छाननी करावी. संशय आला तर मूल बालरोगतज्ज्ञांकडे, तिथे दृष्टी आणि श्रवण ठीक असल्याची खात्री झाली की मानसशास्त्रज्ञाकडे. दाखला आठ वर्षांच्या पुढेच द्यायचा, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचं, अठराव्या वर्षी मिळालेला दाखला कायमचा. कागदावर हे सारं बरंच नीट आहे. पालकसभेत कधी मुख्याध्यापकांना सहज विचारून पाहा की आपल्या शाळेच्या छाननी समितीवर कोण कोण आहे. बहुतेक ठिकाणी हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच ऐकू येईल.

यातल्या आठ वर्षांच्या अटीने नकळत मोठं नुकसान केलं आहे. अट दाखल्यापुरती आहे आणि दाखल्यापुरती ती समजण्यासारखीही आहे. सहा वर्षांचं मूल अक्षरं उलटीपालटी लिहितं, सातव्या वर्षापर्यंत ते नैसर्गिकच असतं. एवढ्या लहान वयात कायमस्वरूपी अक्षमतेचा शिक्का मारू नये. पण 'दाखला आठ वर्षांनंतर' या वाक्याचं शाळेच्या कार्यालयात 'काय ते आठ वर्षांनंतर बघू' असं होऊन बसलं. दोन निरनिराळे प्रश्न एकात मिसळले. या मुलाला आज वाचताना नेमकं काय जड जातंय, हा एक. हे मूल कायद्याने सवलतीला पात्र आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर द्यायला वैद्यकीय मंडळ लागतं. पहिल्याचं बरंचसं उत्तर वर्गातल्या बाई देऊ शकतात, आणि त्यासाठी वयाची अट नाही.

बाईंना दिसतं, ही काही आजची गोष्ट नव्हे. नोव्हेंबर १८९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाविषयी लिहिलं. मुलगा चुणचुणीत, खेळात पुढे, आणि वर्षानुवर्षं शिकवूनही त्याला वाचता येईना. स्वतःच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा तो चुकवायचा. डिस्लेक्सियाच्या इतिहासात हा लेख पहिल्या नोंदींपैकी एक मानला जातो. त्यात मला सर्वात बोलकं वाटतं ते त्याच्या मास्तरांचं मत: शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वात हुशार मुलगा ठरला असता. म्हणजे निदान डॉक्टरने लिहिलं, पण ओळखलं होतं मास्तरांनी. फक्त त्या ओळखीचं पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सव्वाशे वर्षांनंतरही आपल्या बहुतेक शिक्षकांची अवस्था हीच आहे.

मराठी वाचताना ही अडचण कशी दिसते ते जरा जवळून बघू, कारण डिस्लेक्सियाविषयी आपण जे ऐकतो ते बहुतेक इंग्रजीच्या अंगाने. बी आणि डी उलटे लिहिणं, वगैरे. मराठीत बी-डी नाहीत; घ आणि ध आहेत, भ आणि म आहेत, थ आणि य आहेत. आणि त्याहून अवघड गोष्टी आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे, म्हणजे डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि जिभेला आधी 'क' लागतो. 'र'चं तर विचारूच नका. 'रस्ता'मध्ये तो सरळ उभा, 'प्रकाश'मध्ये पायाशी तिरपी रेघ, 'राष्ट्र'मध्ये खाली लटकलेला, 'सूर्य'मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, 'दऱ्या'मध्ये आणखीच निराळा. ज्या मुलाला ध्वनी आणि चिन्ह यांची जोडी मनात पक्की करायलाच कष्ट पडतात, त्याच्यासाठी ही पाच सोंगं म्हणजे पाच वेगळी अक्षरं.

चौथीतल्या एका मुलाला 'सूर्य' वाचताना मी पाहिलं आहे. तो आधी 'सूय' म्हणाला. थांबला. मागे गेला, 'सूयर' म्हणाला. मग त्याची नजर पानावरच्या चित्राकडे गेली आणि तो मोठ्याने 'सूर्य' म्हणाला. वर्गात हे घडलं असतं तर बाईंनी फक्त शेवटचा 'सूर्य' ऐकला असता. पाठ्यपुस्तकातली कविता तर तो घडाघडा वाचून दाखवत होता. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात चौथी ओळ. ही मुलं फसवत नसतात, ती मिळेल त्या आधाराने तग धरून असतात. चित्र, पाठांतर, शेजारच्याची कुजबुज. तिसरीपर्यंत हे आधार पुरतात. चौथी-पाचवीत परिसर अभ्यासाचे लांबलचक परिच्छेद येतात, चित्रं कमी होतात आणि एकदम सगळ्यांना वाटतं की मुलाचं अभ्यासातून लक्ष उडालं.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पालकांना चकवते. आपली लिपी इंग्रजीच्या मानाने उच्चाराशी इमानदार आहे. अशा लिप्यांमध्ये डिस्लेक्सिया असलेलं मूल बऱ्याचदा शेवटी बरोबरच वाचतं, पण फार सावकाश. जर्मन आणि इटालियन वाचणाऱ्या मुलांवरच्या संशोधनातही हेच आढळलं आहे. तेव्हा 'वाचता तर येतंय की' हे निरीक्षण पुरेसं नाही. वेळ लावून बघायला हवं. एक परिच्छेद वाचायला बरोबरीच्या मुलांच्या दुप्पट वेळ लागत असेल तर शेवटच्या शब्दापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या शब्दाचा अर्थ निसटलेला असतो, मग प्रश्नांची उत्तरं कुठून येणार?

तपासणीत नेमकं करतात काय, याचंही पालकांना विनाकारण दडपण असतं. मेंदूचा फोटो काढत नाहीत, सुई टोचत नाहीत. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरेल, असं तोंडी विचारतात. 'मटाफ', 'लोगिस' असले अर्थ नसलेले शब्द वाचायला देतात, म्हणजे पाठांतराचा आणि अंदाजाचा आधार निघून जातो आणि अक्षर-ध्वनीची जोडणी उघडी पडते. ओळीने काढलेली चित्रं झरझर ओळखायला सांगतात. एका मिनिटात किती शब्द वाचले ते मोजतात. शुद्धलेखन घालतात, गणितं घालतात, लक्ष किती टिकतं ते बघतात. डोळे आणि कान आधी तपासलेले असावे लागतात, ते फार महत्त्वाचं, कारण कमी ऐकू येणारं मूल हुबेहूब असंच वाचतं. याच्या शेवटी जो अहवाल मिळतो त्यात मुलाला काय येतं, काय येत नाही आणि उद्यापासून त्याला कसं शिकवायचं हे लिहिलेलं असलं पाहिजे. आठ पानी अहवालात सात पानं आकडे आणि शेवटी 'उपचारात्मक अध्यापनाची शिफारस' एवढी एकच ओळ असेल तर तो अहवाल दाखल्यासाठी केलेला आहे, मुलासाठी नव्हे. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल आणि सरकारी वैद्यकीय मंडळाचा दाखला या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेही आधीच माहीत असलेलं बरं. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

'मोठं झालं की आपोआप येईल' या सल्ल्याबद्दल आता स्पष्ट बोलायला हवं. तो प्रेमाने दिला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. कॉनी ज्यूल या संशोधिकेने अमेरिकेतल्या एका शाळेतल्या मुलांचा पहिलीपासून चौथीपर्यंत माग ठेवला. पहिलीच्या शेवटी वाचनात मागे असलेलं मूल चौथीच्या शेवटीही मागेच असण्याची शक्यता ०.८८ निघाली. हा अभ्यास १९८८ सालचा, शाळा एकच आणि मुलंही थोडीच होती. तरी नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी त्याची दिशा बदलली नाही. वाचनातली तूट आपोआप भरून येत नाही, उलट पुढच्या प्रत्येक विषयावर तिचं व्याज चढतं. सगळी मागे राहणारी मुलं डिस्लेक्सियाची नसतात, हे अगदी मान्य. काहींना कुणी नीट शिकवलेलंच नसतं, काहींच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असते, काही मुलं वर्षातले कित्येक महिने घरच्यांबरोबर कामाच्या गावी असतात. पण यातल्या एकालाही 'थांबा'चा उपयोग नाही. कारण कुठलंही असो, दुसरीतल्या मुलाला वाचायला शिकवायचंच आहे.

आणि इथे वैद्यकशास्त्रही पालकाच्या बाजूने आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जे निदानाचे निकष सुधारले, त्यांत अध्ययन अक्षमतेची पहिलीच अट अशी आहे की मुलाच्या अडचणीवर नेमकी मदत देऊनही ती निदान सहा महिने टिकून राहिलेली असावी. नीट वाचलं तर याचा अर्थ फार मोठा आहे. निदानाच्या आधी मदत द्यायची आहे. मदत दिल्यावर जे मूल भराभर पुढे गेलं त्याला शिक्क्याची गरजच उरली नाही. जे अडून राहिलं त्याला पुढे पाठवायचं. आपण गाडी उलटी जुंपली आहे. आधी दाखला आणा, मग रेमेडियल देऊ, असं शाळा सांगते. आणि दाखला आणायला वय भरावं लागतं.

हे सुधारायला नवी खाती किंवा नवी योजना नको. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला साठ शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. म्हणजे एका मिनिटाचं वाचन मोजणं शिक्षकांना आता नवं नाही. ते आकडे वर जातात, तक्ते होतात, जिल्ह्याची टक्केवारी निघते. त्या तक्त्यांतल्या तळाच्या मुलांची नावं मात्र वर्गात परत येत नाहीत. माझी मागणी एवढीच आहे की हीच मोजणी पहिली चाळणी समजावी. दुसरीच्या दिवाळीपर्यंत जी मुलं वर्गाच्या खूप मागे आहेत त्यांना आठवड्यातून चार-पाच वेळा, छोट्या गटात, अक्षर-ध्वनीच्या जोडणीपासून पद्धतशीर शिकवावं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पुन्हा मोजावं. त्यातूनही जी हलली नाहीत त्यांच्या सविस्तर तपासणीची जबाबदारी शाळेने घ्यावी, पालकाच्या अर्जाची वाट न पाहता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतंच आणि त्यांच्या तीस आजार-अडचणींच्या यादीत अध्ययनातली अडचणही आहे. दात आणि डोळे बघून झाल्यावर बाईंनी तयार ठेवलेली चार नावं त्यांच्या हातात पडली, तर पुढचा रस्ता जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जातो. साखळीच्या कड्या आहेत, त्या एकमेकींत अडकवलेल्या नाहीत.

भाषेचा प्रश्न मात्र खरोखरच अवघड आहे. घरी मराठी, शाळा इंग्रजी, आणि तपासणी इंग्रजीत. अशा मुलाला इंग्रजी वाचता आलं नाही तर त्यातला डिस्लेक्सिया किती आणि न शिकलेली भाषा किती? याचं उत्तर दोन्ही भाषांत तपासल्याशिवाय मिळत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाचा डिस्लेक्सिया तपासण्याचा संच तयार केला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत आहे आणि त्यात पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी यांच्यासाठी शिक्षकांनी वापरायच्या छाननी-सूचीही आहेत. मराठीत साधनच नाही, ही सबब त्यानंतर चालू नये. पालकाने तपासणीआधी एवढं जरूर विचारावं: कुठल्या भाषेत तपासणार, आणि तुलना कुठल्या मुलांशी करणार?

बुद्ध्यांकाच्या अटीशी माझं भांडण आहे. २०१८ च्या कार्यपद्धतीत बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच पुढच्या चाचण्या, अशी पायरी होती. हेतू कळतो, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता वेगळी काढायची. पण ८२ आलेल्या मुलाचं काय? ते बौद्धिक अक्षमतेतही बसत नाही आणि इथेही नाही. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मेंदूप्रतिमांच्या एका अभ्यासात, वाचन कच्चं असलेल्या मुलांचा बुद्ध्यांक जास्त असो की कमी, ध्वनी जुळवण्याचं काम करताना त्यांच्या मेंदूत सारखाच फरक आढळला. 'हुशार असूनही वाचता येत नाही' ही डिस्लेक्सियाची लोकप्रिय व्याख्या ऐकायला छान वाटते. थोर शास्त्रज्ञांची नावं घेऊन पालकांना धीर द्यायलाही ती बरी पडते. पण मध्यम बुद्धीच्या मुलाला वाचायला शिकायचा हक्क थोडा कमी आहे, असा तिचा दुसरा अर्थ होतो आणि तो मला मंजूर नाही.

तपासणीला विरोध करणाऱ्यांचे आक्षेप मी हलके धरत नाही. लहान वयात शिक्का नको, हा एक. पण शिक्का तर आधीच बसलेला असतो: आळशी, ढ, खोड्याळ. तो कुणी वैद्यकीय मंडळाने दिलेला नसतो म्हणून त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मार्कांसाठी खोटे दाखले काढले जातात. जातही असतील, कारण दाखल्याचं सगळं मोल आपण एका परीक्षेत कोंबलं आहे. ज्या मुलाच्या वाचनाची नोंद दुसरीपासून दर सहामाहीला शाळेत आहे, कुठली मदत दिली आणि काय फरक पडला हे लिहिलेलं आहे, त्याच्या बाबतीत नववीत अचानक दाखला उगवणं कठीण होईल. लवकर तपासणी हा खोट्या दाखल्यांवरचाही उपाय आहे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो पूर्ण खरा आहे. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात हे आणखी कुठे? डिस्लेक्सिया साधारण शंभरात पाच ते दहा मुलांत आढळतो. तीसच्या वर्गात दोन-तीन मुलं धरा. त्यांना वेगळं बसवून शिकवायला माणूस लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात बसून डझनभर शाळांना फिरतीवर भेट देणारा एक विशेष शिक्षक म्हणजे या प्रमाणाची थट्टा आहे. तेव्हा वर्गशिक्षकाने निदान करावं असं मी म्हणत नाही. त्याने नाव लिहावं आणि ते नाव घ्यायला समोर कुणीतरी असावं.

ही पोकळी भरायला बाजार टपलेलाच आहे. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, 'उजवा मेंदू जागा करणारे' वर्ग. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्तपणे सांगून टाकलं आहे की रंगीत भिंगांनी किंवा डोळ्यांच्या व्यायामाने डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही. अडचण डोळ्यांत नसून बोलण्यातले ध्वनी सुटे करून चिन्हांशी जोडण्यात आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणजे कंटाळवाणं, पायरीपायरीचं, रोजचं शिकवणं. ते विकायला आकर्षक नाही. सहा महिन्यांत 'बरं' करण्याची हमी देणाऱ्याकडून पैसे वाचवून तेच एखाद्या चांगल्या विशेष शिक्षकाच्या तासांवर घालवावेत.

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, दुसरीतलं मूल तोवर थांबू शकत नाही. त्याच्या आईबाबांना मी एवढं सांगेन की तोंडी बोलून थांबू नका. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या. २०१६ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमाचा उल्लेख करा. मुलाच्या वाचनाच्या आजवरच्या नोंदी मागा, त्याला कोणती जादा मदत दिली आणि किती दिवस, हे लेखी विचारा, छाननी समितीकडे नाव पाठवल्याची तारीख विचारा. सोबत त्याच्या वहीची दोन पानं जोडा, एक स्वतःच्या मनाने लिहिलेलं आणि एक फळ्यावरून उतरवलेलं. दोन्हींतला फरकच पुष्कळ सांगतो. घरात आणखी कुणाला लहानपणी वाचायला त्रास झाला असेल तर तेही लिहा, लाजू नका. शाळेने दाद दिली नाही तर जिल्हा शिक्षण कार्यालयात जा. दिव्यांग मुलांच्या शाळेतल्या सोयींसाठी तिथे एक समन्वय अधिकारी नेमलेला असावा, असं २०१७ च्या नियमांत आहे. त्याच्या पुढे राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. आणि दोन्ही ठिकाणी पहिल्या अर्जाची पोच मागतात, तेव्हा शाळेचा शिक्का आणि तारीख असलेली प्रत घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.